तरंगतं घर

टोझरसाहेबांनी आमच्या दारात उभं राहून आमच्या ‘ओबीडियन्स’ बोटीला तरंगतं घर म्हटलं, तेव्हा आई बटाटे सोलत होती. तिनं सुरी थांबवली नाही, पण साल एकदम जाड निघायला लागली. मला कळलं, आता काहीतरी होणार.

टोझर म्हणजे बंदरातल्या शर्यतींच्या कमिटीचे चिटणीस. बर्फाचा कारखाना होता त्यांचा, आणि डोक्यावरची हॅट ते फक्त चॅपेलात काढायचे.

“क्रँगबाई, राग मानू नका,” ते म्हणाले, “पण यंदा शिडाच्या ट्रॉलरांची शर्यत होईलसं वाटत नाही. निदान तीन बोटी लागतात. आहेत दोनच.”

“तिसरी आमची.”

“तुमची बोट तुमचे यजमान गेल्यापासून चिखलात बसलीय. ज्या बोटीनं त्या वर्षी शिडावर जाऊन मासे आणले आणि धक्क्यावर विकले, तोच ट्रॉलर, असा नियम आहे. बाकी...” ते हसले. “बाकी मग ते तरंगतं घरच की. खिडक्यांना पडदे लावा आणि उन्हाळी पाहुण्यांना भाड्यानं द्या. छान दिसेल.”

“पडदे,” आई म्हणाली आणि बटाटा पाण्यात टाकला. “आणि मासे आणले तर?”

“आणणार कोण? तुमचा रूबेनसुद्धा मोटरबोटीवर गेला.”

“कोण ते मी बघते. आणले तर काय, ते तुम्ही बोला.”

टोझरांनी खांदे उडवले. “शर्यतीच्या आदल्या दिवशीचा दुपारचा लिलाव संपायच्या आत आणा. बोट शर्यतीत घेईन. माझा शब्द.”

“थर्झा, ऐकलंस ना गं?”

“ऐकलं,” मी म्हटलं.

“मग झालं. साक्षीदार आहे. या आता, माझी चूल खोळंबलीय.”

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या दोन वर्षं आधीची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या ब्रिक्समच्या धक्क्यावर एक सुबक पाटी लावली आहे. तिच्यावर लिहिलंय की शिडाचे लाकडी ट्रॉलर काळाच्या ओघात हळूहळू नाहीसे झाले. मी काठी टेकत टेकत तिथून जाते तेव्हा दर वेळी मनात म्हणते, नाहीसं व्हायला ते काय धुकं होतं? एकेक बोट कुणीतरी विकली, कुणीतरी तोडली, कुणीतरी बुडवली. पहिल्या युद्धात जर्मन पाणबुड्या वर यायच्या, माणसांना छोट्या होडीत उतरवायच्या आणि ट्रॉलरमध्ये बाँब ठेवून निघून जायच्या. जाळं पाण्यात असलेला ट्रॉलर पळणार कसा? बैल नांगराला जुंपलेला असतो तसाच तो. युद्ध संपलं तरी बुडालेल्या जहाजांचे सांगाडे तळाशी राहिले, आणि पोरींनी हिवाळाभर विणलेली जाळी त्यांच्यात अडकून फाटायला लागली. त्यानंतर वाफेच्या बोटी आल्या. मग मोटरच्या. त्यांना वारा लागत नव्हता, भरती लागत नव्हती, आणि माणसंही कमी लागत होती.

माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी टॉर्बेच्या उपसागरात पहाटे इतकी लाल शिडं उभी असायची की समोरचा किनारा दिसायचा नाही. आमच्याच गावच्या माणसांनी बायकापोरांसकट बिऱ्हाडं हलवली आणि पूर्व किनाऱ्याच्या गावांना हे जाळं ओढायला शिकवलं. तिकडची मोठमोठी बंदरं पुढे आम्हाला मागासलेले म्हणायला लागली, ते सोडा.

‘ओबीडियन्स’ आईच्या वडिलांनी गॅम्प्टनच्या गोदीत बांधली होती. ओबीडियन्स म्हणजे आज्ञाधारकपणा. आजोबा चॅपेलात प्रवचन करायचे, त्यांना असली नावं आवडायची. बोट मात्र कुणाचंच ऐकायची नाही. मागून वारा असला की सुकाणूशी भांडायची. बाबा म्हणायचे, “हिचं नाव सासऱ्यांनी बोटीला ठेवलं की लेकीला, तेच कळत नाही.” बाबांनी तिच्यावर आयुष्य काढलं आणि शेवटी न्यूमोनियानं अंथरुणात गेले. आईला त्याचा फार राग होता. समुद्रानं नेलं असतं तर ती समजू शकली असती.

बाबा गेल्यावर खलाशी पांगले. माझा मोठा भाऊ रूबेन बाविसाव्या वर्षी मोटरबोटीवर लागला. त्याचं लग्न ठरलेलं होतं, त्याला दर शनिवारी हातात पगार हवा होता.  त्या दिवसापासून आई जेवायला वाढताना त्याला विचारायची, “रूबेन, तुला भूक लागलीय की तेल घालू?”

तर टोझर गेल्यावर आईनं हात पुसले आणि थेट जेबेझमामाकडे गेली. मी मागोमाग.

जेबेझमामा आईचा थोरला भाऊ. ‘ओबीडियन्स’वर बाबांच्या आधी तोच तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, होता. कमरेचं हाड मोडल्यापासून बंदराच्या भिंतीला पाठ लावून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीला नावं ठेवायचा.

“जेबेझ, ऊठ. मासे धरायला जायचंय.”

“कुणाबरोबर?”

“माझ्याबरोबर. आणि ही थर्झा.”

मामानं तोंडातला पाइप काढला, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि पाइप परत तोंडात घातला. “किझाया, बाई बोटीवर आली की वादळ येतं. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, त्या वरच्या सीगलला पण माहीत आहे.”

“शिडाच्या बोटीला वाराच लागतो ना? मग चांगलंच की.”

 मामानं दातांत पाइप चावला. मग म्हणाला, “शिडं बुरसली असतील.”

“म्हणून तर आधी शिडं.”

शिडं खरंच बुरसली होती. कापडाला दर थोड्या महिन्यांनी रंग द्यावा लागतो, नाहीतर पाणी ते खाऊन टाकतं. लोक हल्ली विचारतात, तुमची शिडं लाल का होती, किती सुंदर दिसत असतील! अहो, ओकच्या झाडाची साल, तांबडी गेरू, डांबर आणि चरबी एकत्र उकळली की तो रंग होतो. सुंदर दिसायला कुणाला वेळ होता? गावातली रंगाची मोठी कढई कधीच भंगारात गेली होती. म्हणून आईनं आमच्या गल्लीतल्या बायकांच्या कपडे उकळायच्या हंड्या गोळा केल्या.

“किझाया, माझ्या हंडीत चादरी उकळते मी,” शेजारची बेथिया म्हणाली.

“आता लाल चादरी उकळशील. नवरा खूश होईल.”

दोन दिवस गल्लीभर डांबराचा वास होता. मोठं शीड चॅपेलामागच्या गवतावर पसरलं आणि आम्ही सात-आठ बायका गुडघ्यांवर बसून झाडूंनी रंग फासत होतो. रविवारी आम्ही सगळ्या चॅपेलात गेलो, तेव्हा प्रत्येकीचे हात कोपरापर्यंत लाल होते. पाद्रीबाबांनी प्रार्थनेला हात जोडायला सांगितलं, आणि पुढच्या बाकावरच्या टोझरांनी मागे वळून पाहिलं. आईनं हात नेहमीपेक्षा जरा जास्तच वर धरले.

रूबेनला हे आवडलं नव्हतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

“आई, हे काय चाललंय? मामाला धड चालता येत नाही. थर्झानं डेकवर पाय ठेवलेला नाही. काय झालं तर?”

“तुला सुट्टी काढता येते का?”

“आमचा तांडेल नाही देणार.”

“मग झालं. तू इंजिन सांभाळ. आम्ही बोट सांभाळतो.”

“एका शर्यतीसाठी?”

आई तेव्हा पावाला चरबी लावत होती. ती थांबली. “एकदा कार्यक्रमातून नाव काढलं की परत घालतात का रे? पुढल्या वर्षी कोण म्हणेल, ट्रॉलर आणा? म्हणतील, होते म्हणे पूर्वी. माझ्या बापाची बोट पूर्वी नाही. ती आत्ता आहे. तिथं, भिंतीपाशी. खिडकीतून बघ.”

रूबेननं पाहिलं नाही. टोपी घातली आणि गेला.

शर्यत शनिवारी होती. गुरुवारी सकाळी ओहोटीबरोबर आम्ही निघालो. धक्क्यावर माणसं होती. कुणीतरी ओरडलं, “किझाया, विणकामाचं सामान घेतलंस का?” आईनं जाळ्याकडे बोट दाखवलं. “हे काय, संपत आलंय!”

आणि ते खरंच होतं. ते जाळं मी आणि आईनं विणलेलं. आमच्या गावात बायका दाराच्या कडीला दोरी अडकवून जाळी विणायच्या. मी सात वर्षांची असल्यापासून विणत होते. किती जाळी विणली असतील देव जाणे, पण एकही पाण्यात काय करतं ते पाहिलं नव्हतं. ते घरातून जायचं आणि फाटून परत यायचं, एवढंच माहीत. त्या दिवशी मामानं शीड वाऱ्याला धरलं, आई आणि मी मिळून बाजूचा, जाळ्याचं तोंड उघडं धरणारा लांबलचक लाकडी दांडा पाण्यात सोडला, त्याच्या दोन टोकांच्या लोखंडी कड्या बुडाल्या, आणि मागोमाग माझं जाळं तोंड उघडून खाली गेलं. हातातल्या दोराला मग एक थरथर यायला लागली.

“काय आहे ते, मामा?”

“तळ,” मामा म्हणाला. “वाळू लागतेय. दोरावर हात ठेव आणि गप्प राहा. खडक लागला तर ठोके येतील, तेव्हा ओरड.”

दिवसभर मी दोरावर हात ठेवून उभी राहिले. तोपर्यंत तेवढ्या सुखानं मी कुठे उभी राहिले नव्हते. आईनं खालच्या छोट्या बॉयलरमध्ये कोळसा घातला, कारण जाळं ओढायचा रहाट वाफेवर चालायचा. काळ्या तोंडानं ती वर आली आणि म्हणाली, “आयुष्यभर मला चुलीशी बस म्हणालात. बसले बघा.”

वारा बेताचाच होता. संध्याकाळी जाळं वर आलं तेव्हा ते मला फार काही जड वाटलं नाही. मामानं जाळ्याच्या शेपटीची गाठ सोडायला मला पुढं केलं. ती गाठ तांडेल मारतो आणि तांडेलच सोडतो. मी त्याच्याकडे पाहिलं.

“माझं कंबरडं वाकत नाही,” तो म्हणाला. “सोड.”

गाठ सुटली आणि डेकवर एकदम सगळं ओतलं गेलं. चिखल, शिंपले, पाय हलवणाऱ्या चिंबोऱ्या, दोन पाकटं, काटेरी तांबडे मासे. आणि त्यांच्यात तपकिरी, चपटे, चांगले हातभर लांब लेपे. पेटीभर भरले. आईनं एक लेपा उचलून त्याच्या पांढऱ्या पोटावरून अंगठा फिरवला.

“टोझरला हा नको द्यायला,” ती म्हणाली. “त्याला चिंबोरी द्यावी.”

सकाळ झाली तेव्हा आम्ही बेरी हेडच्या कड्यासमोर होतो. घर दिसत होतं. चॅपेलाचं छप्पर दिसत होतं. आणि वारा नव्हता.

समुद्र एवढा गुळगुळीत होता की आमच्या लाल शिडाची घडीन् घडी त्यात दिसत होती. सूर्य वर चढायला लागला. शीड एकदा इकडे लटकायचं, एकदा तिकडे. मामा सुकाणूला टेकून बसला होता. लिलाव दुपारी संपणार होता.

शेवटी आई उठली. डेकवर मधोमध उभी राहिली, कमरेवर हात. “जेबेझ, बाई बोटीवर आली की वादळ येतं म्हणालास ना?”

“म्हणालो.”

“दोन आल्यात. कुठंय?”

“किझाया, अशी थट्टा करू नये गं.”

“मी थट्टा करत नाहीये, मी मागतेय. जन्मभर मला भिंतीपलीकडे येऊ दिलं नाहीत, का, तर वारा उठेल. आता उठवा की!”

आणि तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमच्याकडे बोटीवर शीळ घालत नाहीत. शीळ घातली की वादळ येतं. सशाचं नाव घेत नाहीत, पाद्र्याला बोटीवर घेत नाहीत, पण शीळ सगळ्यांत वाईट. आईच्या एका मामानं म्हणे लहानपणी एकदा शीळ घातली तर त्याला बोटीवरून उतरवून पायी घरी पाठवलं होतं. आणि माझी आई, चॅपेलात पहिल्या रांगेत गाणारी, कोंबड्यांना हाकलतात तशी कर्कश शीळ घालत होती. जेबेझमामानं दोन्ही कानांवर हात ठेवले, जणू त्याला ऐकू आलं नाही तर ते धरलं जाणार नाही.

आम्ही वाट पाहिली. शीड हललं नाही.

मग आवाज आला. टक-टक-टक-टक. कड्याआडून एक मोटरबोट बाहेर आली आणि सरळ आमच्याकडे यायला लागली. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, रूबेन उभा होता, हातात दोराची गुंडाळी.

मामानं कानांवरचे हात काढले. “शीळ घातलीस वाऱ्याला,” तो म्हणाला, “आणि आलं इंजिन.”

“आई!” रूबेन ओरडला. “दोर घे! मी तांडेलाला विचारलंय. लिलावाच्या आत पोचवतो!”

दोर आमच्या डेकवर येऊन पडला. आईनं तो उचलला. एक क्षण मला वाटलं, ती तो बांधणार. ती दमली होती, तिचे डोळे लाल झाले होते, आणि लेपे ओल्या पोत्याखालीसुद्धा फार काळ टिकणार नव्हते. मग तिनं दोर नीट गुंडाळला आणि जोर लावून परत फेकला. तो रूबेनच्या छातीवर जाऊन आदळला.

“आई, वेड लागलंय का तुला? समोर गाव दिसतंय!”

“शिडावर जाऊन शिडावर यायचं, असं ठरलंय. तुझ्या दोरानं मासे पोचतील रे. बोट नाही पोचणार.”

“कोण बघतंय इथं?”

“मी.”

मोटरबोटीचा तांडेल, स्टॉकमन नावाचा चिडका माणूस, आतून ओरडला, “रूबेन, तुझ्या आईचं ठरलं का? तेल जळतंय माझं!”

रूबेन दोर हातात धरून उभा होता. आमच्या मोठ्या शिडाकडे पाहत होता. वाऱ्याविना लटकलेलं, ताजं लाल, गल्लीतल्या बायकांनी झाडूंनी फासलेलं. काही ठिकाणी झाडूचे ओरखडेसुद्धा दिसत होते. मग त्यानं मला हाक मारली.

“थर्झा! डेकवरची छोटी होडी उतरवता येते का तुला?”

“का?”

“येते की नाही ते सांग.”

“येते!” मी म्हटलं. मला येत नव्हती. मामानं सांगितलं तशी मी उतरवली.

रूबेननं टोपी आणि बूट मोटरबोटीवर टाकले आणि पाण्यात उडी मारली. स्टॉकमन नाळेपाशी आला. “अरे ए! आत्ता गेलास तर सोमवारी येऊ नकोस!”

“बरं!” रूबेन पाण्यातून म्हणाला आणि आमच्या होडीत चढला. ओलाचिंब. आईकडे बघून म्हणाला, “वल्ह्याला तुझी हरकत आहे का?”

 आईनं आमचा दोर, ‘ओबीडियन्स’चा स्वतःचा दोर, त्याच्याकडे सोडला. त्यानं तो होडीला बांधला आणि मला हात दिला. “बस. डावं वल्हं घे. माझ्याबरोबर मार, माझ्या आधी नको.”

मी डोक्याला फडकं बांधलं आणि वल्हं घेतलं. सुरुवातीला वाटलं, आपण कडाच ओढतोय. बोट जागची हलेना. मग भरती सुरू झाली. आमच्या उपसागरात भरती आत ओढते, थोडीशीच, पण ओढते. हळूहळू दोर ताठ झाला आणि ती मोठी हट्टी बोट आमच्या मागून यायला लागली.  माझ्या तळव्यांवर फोड आले, फुटले, आणि लाल रंगाच्या डागांत रक्ताचा डाग कुठला ते कळेना.

मागून आईचा आवाज आला, “रूबेन, भूक लागलीय?”

“लागलीय!”

“मांस भरलेली पेस्टी ठेवलीय तुझ्यासाठी.”

मी वल्हं मारता मारता हसायला लागले आणि रूबेननं मला दम दिला की श्वास वाया घालवू नकोस. तो येणार हे माहीत नसताना त्याच्यासाठी पेस्टी आधीच कशी ठेवली होती, ते त्यानं विचारलं नाही. मी पण नंतर कधी विचारलं नाही.

बंदराच्या भिंतीआड आलो तेव्हा धक्क्यावर उभं राहायला जागा नव्हती. लिलाव अजून चालू होता. शेवटच्या पेट्या. टोझर घड्याळ हातात धरून उभे होते.

“वल्ही!” ते म्हणाले. “वल्ही म्हणजे शीड नव्हे, क्रँगबाई. नियम स्पष्ट आहे.”

 भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक जण हसायला लागला. मग दुसरा.

“टोझर,” जेबेझमामा डेकवरून म्हणाला, “वारा पडल्यावर आम्ही घरी कसे यायचो असं वाटतं तुला? पत्र पाठवून?”

“तुझा बाप असाच यायचा ओढत,” पहिला म्हातारा टोझरांना म्हणाला. “मी होतो ना वल्ह्यावर. तो नुसता ओरडायचा.”

आता सगळा धक्का हसत होता. टोझरांची मान लाल झाली. ते काही बोलायच्या आत लिलाव करणाऱ्यानं पितळी घंटा वाजवली. त्याला घरी जायचं होतं. आमची पेटी वर चढली.

“लेपे,” तो म्हणाला, “ताजे, मोठे. बोट ‘ओबीडियन्स’. कोण बोलतं?”

“बायकांनी धरलेले आहेत,” मागून कुणीतरी म्हणालं.

“लेप्याला कुठं ठाऊक आहे ते?” बेथियाचा नवरा म्हणाला. तो मासळीचा छोटा व्यापारी होता. त्यानं हात वर केला. दुसऱ्यानं केला. बोली वर गेली, आणि घंटा परत वाजली. विकले गेले. टोझरांनी घड्याळ खिशात ठेवलं.

आम्ही बोट बांधत होतो तेव्हा माझ्या गालाला काहीतरी लागलं. गार. पश्चिमेकडून वारा सुटला होता. मामानं वर पाहिलं, मग आईकडे.

“आली बघ तुझी शीळ,” तो म्हणाला. “उशिरा निघाली होती वाटतं.”

रात्रभर घरांची छपरं वाजत होती. शनिवारी सकाळी उपसागर पांढरा झाला होता. शर्यतीसाठी लांबून लांबून श्रीमंतांच्या नाजूक पांढऱ्या बोटी आल्या होत्या, चकचकीत पितळेच्या, टोप्या घातलेल्या खलाशांच्या. एकेक करून त्यांनी नावं काढून घेतली. नांगर टाकून त्या भिंतीआड बसून राहिल्या. भिंतीबाहेर गेले ते फक्त तीन शिडाचे ट्रॉलर.

रूबेन आणि त्याचे दोन मित्र आले होते. रूबेन आईला म्हणाला, “आता तू उतर. बाई बोटीवर असली की वादळ येतं.”

“ते आलंच आहे,” मामा म्हणाला. “आता उतरवून काय करणार? राहू दे तिला.”

आणि आई राहिली. मी पण राहिले, कारण मला उतरायला कुणी सांगितलंच नाही.

बाकीच्या दोघांनी वजन कमी करायला आपापले दांडे आणि जाळी धक्क्यावर उतरवून ठेवली होती. आईनं आमचं उतरू दिलं नाही. “ट्रॉलरांची शर्यत आहे,” ती म्हणाली. त्यामुळे आम्ही शेवटचे आलो, आणि चांगलेच शेवटचे. त्याचं मला आजही काही वाटत नाही. ‘ओबीडियन्स’ वाऱ्यात एका कुशीवर पडली होती, पाणी डेकवरून धो धो वाहत होतं, सुकाणूला रूबेन आणि मामा दोघं लटकले होते, आणि ती नेहमीसारखी कुणाचंच ऐकत नव्हती. आज गॅम्प्टनच्या खाडीत ओहोटीला चिखलातून तिच्या बरगड्या वर दिसतात. तिथं येणारी पोरं त्यांच्यावर चढतात. त्यांना मी सांगते, हिला मी धावताना पाहिलंय, आणि ती पोरं विचारतात, इंजिन कुठं होतं आजी?

शेवटच्या खुणेजवळ कमिटीची बोट नांगरलेली होती. टोझर तिच्यावर एका हातानं हॅट धरून आणि दुसऱ्या हातात शर्यत संपल्याचा बार उडवायची बंदूक घेऊन उभे होते. आम्ही त्यांच्या इतक्या जवळून गेलो की आमच्या पाण्यानं ते भिजले. आई डोलकाठीला धरून उभी होती, केस सुटलेले, हात अजून लाल. आमची सगळी शिडं वाऱ्यानं तट्ट फुगली होती. तिनं एक हात सोडला आणि वर दाखवला.

“टोझर!” ती ओरडली. “घर आलंय बघा! पडदे लावून आलंय!”

त्यांनी बंदूक उडवली. हॅट मात्र वाऱ्याबरोबर गेली.